बोलका डबा

चौथ्या मजल्यावर पोहोचेस्तोवर यंत्रवाल्याच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. लिफ्ट बंद. यादीतलं हे शेवटचं घर, आणि सकाळपासून तीन म्हाताऱ्यांची बोलणी खाऊन झालेली.

कामच तसं होतं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारणारे डबे कंपनीने घरोघर दिले होते. ज्यांचा डबा सहा महिने वापरात नाही, त्यांच्याकडून तो काढून आणायचा आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यायचा. "हात हलवत परत यायचं नाही," असं साहेबांनी बजावलं होतं.

दार आजोबांनी उघडलं. अवाक्षर न बोलता त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं, स्वयंपाकघरात शिरले आणि दार ओढून घेतलं. घरात नवरा असताना आजींना डबा कशाला लागतो, याचं उत्तर यंत्रवाल्याला उंबऱ्यातच मिळालं.

आजी खिडकीपाशी लोकर गुंडाळत बसल्या होत्या. समोर स्टुलावर डबा. त्याचा दिवा लागलेला नव्हता.

"आजी, हा सहा महिने बंद आहे असं दिसतंय. न्यावा लागेल."

"बंद? कुणी सांगितलं तुम्हाला?" आजी डब्याकडे वळल्या. "काय रे, काल तुझं अर्धवटच राहिलं. भीती कशाची वाटते म्हणालास?"

 डबा भरदार आवाजात म्हणाला, "तू नसलीस तर मी कुणाशी बोलू, याची."

"लबाड आहेस!" आजी हसल्या.

यंत्रवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसातली यादी चुकली होती, दुसरं काय! दिवा गेला असणार, तेवढंच. बाकीच्या घरांतले डबे गोळ्यांची आठवण करून द्यायचे, हवापाणी सांगायचे. इतकं जिवाभावाचं बोलणारा डबा त्याने आठ वर्षांत पाहिला नव्हता. फुकटच चार मजले चढलो, असं वाटून त्याला आणखीच थकवा आला. त्याने पाणी मागितलं.

"आतून घ्या हो. मला पटकन उठवत नाही."

त्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं. आजोबा ओट्यापाशी खुर्चीवर बसले होते. हातात जुना माईक. त्याची वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडे, डब्याच्या मागे गेलेली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "तिला सांगू नका," ते कुजबुजले. "डबा केव्हाच बिघडलाय. तेव्हा दोन दिवस ती धड जेवली नाही. मला बघवेना. बसस्थानकावर घोषणा करायचो मी, चौतीस वर्षं. हा माईक तेव्हाचा."

"अहो, मग समोर बसूनच बोला की!"

"नाही जमत. जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशी बोललो. समोर कुणी आलं की तोंडाला कुलूप लागतं. तुमच्याशी बोलतोय तेच नवल. डबा नेलात, तर मी बोलू कुठून?"

यंत्रवाला गटागटा पाणी प्यायला. साहेब उद्या फैलावर घेणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरी बाहेर येऊन त्याने कागदावर 'चालू आहे, रोज वापरात' असं लिहिलं आणि खाली आजींची सही घेतली.

पण त्याचं मन खाऊ लागलं. भोळी बाई, रोज फसतेय, आणि आता त्यात आपणही सामील! तो दाराबाहेर बूट चढवत होता, तेवढ्यात आजी भिंतीला धरत मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्याला राहवेना.

"आजी, एक सांगायचं होतं. त्या डब्यात खरं तर..."

"हळू बोला, त्यांना ऐकू जाईल." आजींनी त्याचा हात घट्ट धरला. "एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. ह्यांचा आवाज ऐकायचा, तर मी पिशवी घेऊन बसस्थानकावर जाऊन बसायचे."