ठोक्यांची नक्षी

“कड्यावरची ही ठोक्यांची नक्षी सुचते कुठून हो?” गिऱ्हाइकं विचारायची. दागिनेवाली हसून म्हणायची, “हात आपोआप चालतो.” खरं तर भिंतीपलीकडे शेजारी बायकोला बडवायला लागला की दागिनेवाली चांदीची पट्टी ऐरणीवर घ्यायची. तिकडचा आवाज ऐकवत नसे, म्हणून त्याच्या फटक्यागणिक पट्टी सरकवत हातोडी हाणायची. ती कडी हातोहात खपायची. आज शेजारीणच दारात उभी. ओठ फाटलेला, डोळा सुजून बंद. “काल जरा जास्तच झालं. ह्यांनीच पाठवलंय, आवडेल ते घे म्हणाले.” तिने कालचंच कडं उचललं. नक्षीवरून फिरणारं तिचं बोट एका खोल खड्ड्यापाशी थांबलं. “इथे डोकं आपटलं.” बोट पुढे सरकलं. “इथे खुर्ची मोडली. इथे पोरगी रडत मधे पडली.” मग तिने मान वर केली. “म्हणजे ताई, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.”