व्हय म्हाराजा

शिमग्याला केरू गावकर देवळात गाऱ्हाणं घालत होता आणि समोर चाकरमान्यांपासून पोराटोरांपर्यंत एकजात सगळे मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले होते. "बा म्हाराजा, ह्या रयतेची इडापिडा टाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली, पण एकाचाही अंगठा थांबला नाही.

केरूचं डोकं सणकलं. बघूया तरी, कुणाचं लक्ष आहे का! त्याच सुरात त्याने आवाज चढवला, "बा म्हाराजा, हितं जमलेल्या सगल्यांची झोप, ध्यान नि बुद्धी ह्या मोबाईलच्या हवाली कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुणी हसलं नाही. कुणी मानही वर केली नाही. केरूच्या अंगावर काटा आला. देवापुढे घातलेलं, अख्ख्या गावाने होकार दिलेलं गाऱ्हाणं आता मागे कसं घ्यायचं? चुकलो म्हणून सांगायला त्याने घाईघाईने हात जोडले. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. जोडलेले हात सुटले आणि उजवा हात आपसूक खिशात गेला.

खिसा रिकामा होता. फोन तर तो घरी चार्जिंगला लावून आला होता.