जाळीवरचा पंजा

छपाईच्या जाळीवर लावायच्या इमल्शनचा हिरवा डबा. खिळ्याला टांगलेला एप्रन. नणंदेने पाठवलेला कापड कापायचा जुना कटर, अजून खोक्यात. दिराशी लावलेली पैज.

पैज अशी, की जाळीवर चित्र उमटवणाऱ्या नव्या लेझरने पहिल्याच स्क्रीनवर चूक केली तर मशीन विकायचं. वहिनी निर्धास्त होती. फाइलमध्ये असेल तेवढंच लेझर जाळतो, आणि फाइलमध्ये होता एक साधा गोल.

तिने मशीनचं झाकण उघडलं. जाळीवर गोल होता. गोलात एक पंजा होता, हातावरच्या रेषांसकट.

"चुकलं तुमचं मशीन!" दीर म्हणाला.

"मशीन चुकत नाही, भाऊजी. ओल्या इमल्शनला कोणाचा तरी हात लागला."

"कोणाचा? सकाळपासून खोलीत तुम्हीच."

"मग माझाच!" तिने उजवा तळवा जाळीवर टेकवला. रेषेला रेष जुळली, अंगठ्यावरचा जुना व्रणसुद्धा. "बघा! जिंकले की नाही?"

दीर वाकून बघत राहिला. "वहिनी, याला करंगळी नाही."

"टेकली नसेल," ती हसत म्हणाली. "सांगितलं ना, मशीन चुकत नाही."

कटरचं खोकं त्यांनी जेवणानंतर उघडलं.