निळ्या पट्ट्यांचं फडकं

कुईच्या एका हातात ग्रँटची चड्डी होती आणि दुसऱ्या हातात ताटं पुसायचं फडकं. दोन्ही एकाच टोपलीतून निघाली होती.

रिपेका मागच्या दारात थिजली. वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून ती सकाळी सातला आडवी झाली होती. डोळे अजून धड उघडत नव्हते. कुई, तिची आजी, जेवायला एक वाजता यायची होती. आली अकरालाच. आली ती आली, वर मशीन थांबलेली बघून तिला स्वस्थ बसवेना. सगळे कपडे टोपलीत काढून ती अंगणातल्या तारेवर वाळत घालायला लागली होती.

कुईने ऐंशी वर्षांत स्वयंपाकघरातलं फडकं अंगातल्या कपड्यांबरोबर कधी भिजवलं नव्हतं. तिच्या आईनेही नाही, आईच्या आईनेही नाही. तोंडाशी येतं त्याची बादली वेगळी, बुडाखाली जातं त्याची वेगळी. माओरी घरातलं दोन वर्षांचं पोरसुद्धा हे जाणतं.

ग्रँट माओरी नव्हता.

म्हणून तर कुईने नातीच्या ह्या लग्नाला अर्धाच होकार दिला होता. "उरलेला अर्धा तुझ्या घरी जेवीन तेव्हा," असं लग्नाच्या मांडवातच तिने बजावलं होतं. आणि आज ती न जेवता परत गेली असती, तर संध्याकाळपर्यंत वैरोआ गावातल्या घराघरात ते कळलं असतं.

"हे कुणी केलं?" कुईने विचारलं. आवाज अगदी हळू होता. कुईचा हळू आवाज वाईट.

रिपेकाने विचारलंच नाही. तिने सरळ ग्रँटकडे बघितलं. तो हातात पळी घेऊन तिच्या मागे येऊन उभा होता. लग्नानंतरच्या दीड महिन्यात तिला ह्या माणसाची एकेक गोष्ट दिसत गेली होती. पायाची नखं तो सोफ्यावर बसून कापायचा, आणि ती उडून कुठे पडतात हे देवालाच ठाऊक. वापरलेली टी-बॅग बेसिनमध्ये मेलेल्या उंदरासारखी पडून राहायची. दूध बाटलीला तोंड लावून. नाक शिंकरणं शॉवरखाली. आणि जेवायच्या टेबलावर खुशाल बूड टेकून बसायचा! ते मात्र तिने पहिल्याच आठवड्यात ओरडून ओरडून बंद पाडलं होतं. आता हे.

ग्रँटने फडक्याकडे बघितलं, मग रिपेकाकडे. पळी खाली ठेवली.

"मी केलं, कुई. विसरलो. चुकलं माझं."

"विसरलास?" रिपेकाचा आवाज चिरकला. "ह्याच फडक्याने आपण ताटं पुसतो, ग्रँट! शी!"

"तू थांब गं," कुई म्हणाली. चड्डी तारेवर टाकून ती फडकं नाचवत त्याच्यापुढे आली. "एवढा घोडा झालास! तोंडाचं आणि ढुंगणाचं एका पाण्यात? तुझ्या आईने काय चहा मोज्यातून गाळून पाजला तुला?"

ग्रँटने फडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि मान खाली घातली. मशीनमध्ये पिळवटून त्याच्या दोन टोकांचा गोळा झाला होता. कुई तोंडाचा पट्टा चालवत होती, आणि हा त्या गोळ्याशी चाळा करत होता. आधी नखांनी. मग पाठ जराशी वळवली आणि गोळा चक्क दातांत धरला.

रिपेकाने तोंड फिरवलं. चड्ड्यांच्या पाण्यातलं फडकं तोंडात! अशा माणसाशेजारी रोज झोपायचं. त्याच्या हातचं खायचं. जन्मभर.

"दे ते इकडे," कुईने हात पुढे केला.

ग्रँटने फडकं नीट उलगडून, सपाट करून तिच्या हातात दिलं. कुईने ते डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि टर्रकन मधोमध फाडलं.

"आजपासून हे फरशीचं. ताटाची नवी मी आणलीत, पिशवीत आहेत." मग तिने नाकाने वास घेतला. "हाडांचा रस्सा कुणी केला?"

"मीच," ग्रँट म्हणाला.

"त्यात पाला?"

"पहाटे ओढ्यावरून आणला."

"हं. चूक कबूल करतोस, तेवढं बरं आहे. वाढ."

कुई दोनदा घेऊन जेवली. जाताना माओरी रीतीने ग्रँटच्या नाकाला नाक लावून जरा जास्तच वेळ उभी राहिली. रिपेका दिवसभर नवऱ्याशी बोलली नाही. त्याने पाणी पिऊन ठेवलेला पेलासुद्धा तिने दोन बोटांत धरून उचलला.

संध्याकाळी ती रात्रपाळीचा डबा भरायला बसली. डब्यावर झाकण दाबलं आणि सवयीने ओट्याच्या कडेला हात नेला. तिथे काहीच नव्हतं. डबा ती ज्यात बांधून न्यायची ते निळ्या पट्ट्यांचं फडकं आता मोरीत फरशीसाठी पडलं होतं, दोन तुकड्यांत.

तिचा हात तसाच राहिला. सकाळी ती दारातूनच मशीनपाशी गेली होती. कामाचे कपडे, डब्याच्या पिशवीतलं फडकं, जे हाताला लागलं ते ग्रँटच्या कपड्यांवर ओतलं होतं आणि बटण दाबून झोपली होती.

फडक्याची दोन टोकं ती नेहमी एकाच पद्धतीने बांधायची. कुईने लहानपणी मासे पकडायच्या जाळ्यावर शिकवलेली दुहेरी गाठ. वैरोआत ती गाठ त्या दोघींनाच यायची, आणि ओली झाली की दातांशिवाय सुटायची नाही.