तिसरा नमुना

तपासणी केंद्राच्या बाकावर रेवती ओटीचा नारळ मांडीवर घेऊन बसली होती. निघताना सासूबाईंनी मुद्दाम ओटी भरली होती. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, उदयनच्या, रक्तातल्या दोषामुळे मूल होऊ देण्याची परवानगी दोनदा नाकारली गेली होती. तिसऱ्यांदा रक्त न्यायला घरी माणूस आला, तेव्हा रेवती आपलं रक्त आधीच देऊन माहेरी गेली होती आणि उदयनने आपल्या नावावर धाकट्या भावाला, केदारला, पुढे केलं होतं. परवानगीचा कागद तेवढा हातात पडला की झालं, असं त्याला वाटलं होतं.

“अभिनंदन!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हा दोघांचेही नमुने निर्दोष आहेत. नव्या नियमाप्रमाणे त्याच रक्तापासून आम्ही गर्भही तयार केलाय. सोमवारी रोपण करू.”

उदयनच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं, तर परवानगी जन्माची गेली असती.

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. होणारी मुलगी पाचव्या वर्षी कशी दिसेल, ते त्यावर दिसत होतं. ती हसत होती.

“अहो, बघा ना,” रेवती हरखून म्हणाली, “हनुवटीवरची खळी अगदी केदारभावजींची!”

“आमच्या घराण्यातलीच आहे ती,” उदयन म्हणाला, आणि त्याने आपली सपाट हनुवटी तळहाताने झाकून घेतली.