कोरडी पाठ

कडक उन्हाळा असल्याने घोडीला मोतद्दाराने सकाळी लवकरच पळवून आणायचं, असं ठरलेलं होतं. ती परतली की मालक खोगीर उतरवायला लावत आणि तिच्या पाठीवर हात फिरवून बघत. पाठ रोज कोरडी ठणठणीत लागे.

"बाहेर नेतोस आणि तिला झाडाखाली बांधून ताणून देतोस," ते मोतद्दाराला म्हणाले. "पळालेल्या घोड्याला घाम येत नाही होय रे?"

"पूर्ण फेरी मारतो मालक, शपथ. तिला धाप लागते, पण घाम येत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा."

"काय दाखवू, तुझा आळस?"

शेवटी मालकांनी त्याला कामावरून काढलं आणि भर उन्हात स्वतः स्वार होऊन घोडी तासभर दामटली. परतताना फाटकाशीच ती कोसळली.

डॉक्टरांनी तिच्या अंगाला हात लावला. "हिचा घामच बंद झालाय. उन्हाळ्यात काही घोड्यांना होतो हा आजार, आतल्या आत भाजून निघतात. कधीपासून आहे हे?"



"पंधरा दिवस," मालक म्हणाले. "मी रोज हात लावून बघत होतो."