मूळपुरुष

चहाचा मूळपुरुष सापडला, म्हणून रानातलं ते झाड दाखवत मी सात वर्षं मिरवले. आज जनुकांचा अहवाल आला. झाड रानटी नव्हतंच. खालच्या मळ्यातल्या चहाचं कलम होतं ते.

माळीबाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मॅडम, हे माझ्या वडिलांनी लावलंय.”

मी चारचौघांत हसले होते. “बाबा, वडिलांनी थाप मारली तुम्हाला. हा वंश हजारो वर्षांचा आहे.”

आज अहवाल घेऊन, मान खाली घालून त्यांच्याकडे गेले. “तुमचे वडील खरं बोलत होते,” म्हटलं. चार शब्द सुनावतील असं वाटलं.

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

“बरं झालं सांगितलंत, मॅडम. सात वर्षं मी मेलेल्या बापाला खोटारडा समजत होतो.”